खेकड्याचं बीळ आणि बांधाची पाळी : खाडीकाठच्या सामायिक देखभालीचा इतिहास

आजचा विषय थोडा वेगळा आहे. इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की आपल्याला किल्ला कोणी बांधला, आरमार कोणी उभारलं, पूल कोणत्या साली झाला, हे ऐकायची सवय असते. बांधणाऱ्याचं नाव राहतं, उद्‌घाटनाची तारीख राहते. पण बांधून झालेली वस्तू पुढे पन्नास, शंभर, दोनशे वर्षं टिकवली कोणी? दर पावसाळ्यानंतर तिची डागडुजी कोणी केली? त्याची पाटी कुठे लागत नाही. आज आपण त्या माणसांबद्दल बोलणार आहोत. आणि आपण कळव्यात बसलो आहोत, म्हणून खाडीच्या संदर्भात बोलणार आहोत.

कळव्याची जागा आधी डोळ्यांसमोर आणा. एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. उल्हास नदी कल्याण, डोंबिवली, मुंब्रा करत येते आणि इथून पुढे घोडबंदरच्या बाजूने वसईला समुद्राला मिळते. दक्षिणेला ठाण्याची खाडी थेट मुंबई बंदराकडे जाते. म्हणजे कळवा हे पाण्याच्या तिठ्यावरचं गाव. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी आली, १८५४ साली खाडी ओलांडून ती कल्याणला गेली, तेव्हा रूळ ह्याच पाण्यावरून टाकावे लागले. त्याच्या आधी माल आणि माणसं होडीने जायची.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि तिथे जहाजबांधणी सुरू केली. हे आपण शाळेत शिकलो. पोर्तुगीज कारागीर कामाला होते, पुढे वसईच्या पोर्तुगीजांनी त्यांना फितवून परत नेलं, हेही नोंदलेलं आहे. कल्याणहून समुद्राकडे जाणारं जहाज मुंब्रा-कळव्याच्याच पाण्यातून जाणार, दुसरी वाट नाही. पण लाकडाचं जहाज पाण्यात सोडलं म्हणजे काम संपलं असं नसतं, खरं काम तिथून सुरू होतं. खाऱ्या पाण्यात लाकडाला किडा लागतो, बुडाला शंख-शिंपले चिकटतात, फळ्यांच्या फटी उघडतात. म्हणून विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटन खाडीत मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की दुरुस्ती करायची. आरमार टिकतं ते अशा गोदीवर.

हे झालं राज्यकर्त्यांचं. त्यांच्याकडे खजिना होता, पगारी माणसं होती. पण ज्यांच्याकडे खजिना नाही अशा गावांनी सामायिक वस्तू कशी सांभाळली? आपला आजचा प्रश्न तो आहे.

खार म्हणजे काय

इथे जवळच खारेगाव आहे. नावातच खार आहे. मुंबईतलं खार स्टेशनही तेच. खार म्हणजे खाडीच्या भरतीखाली जाणारी जमीन, जी बांध घालून भाताखाली आणली जाते. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत अशा जमिनी शेकडो वर्षांपासून आहेत. आगरी, कोळी, कुणबी समाजांनी त्या हाताने घडवल्या. आगरी हे नाव मिठाच्या 'आगर' ह्या शब्दाशी जोडलं जातं, आणि मीठ पिकवणं हेही शेवटी खाडीचं पाणी बांधाने अडवण्याचंच काम.

आता ह्या बांधाची रचना बघा, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर आहे. खाडीच्या बाजूला मोठा बांध असतो, त्याला बाहेरकाठा म्हणतात. तो मातीचा आणि चिखलाचा. त्यात ठरावीक ठिकाणी झडपेचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप बंद होते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. वीज नाही, पंप नाही. चंद्र-सूर्यच ते दार उघडतात आणि लावतात.

ह्या बांधाचा शत्रू कोण? आपण म्हणू, उधाण. मुंबईला उधाणाच्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते, तेव्हा बांधावर ताण येतो हे खरं. पण उधाण हा शेवटचा धक्का असतो. सुरुवात होते खेकड्यापासून. खेकडा बांधात बीळ करतो. भरतीचं पाणी त्या बिळातून झिरपतं, झिरपताना थोडी माती घेऊन जातं, बीळ रुंद होतं. एखाद्या पौर्णिमेला किंवा अमावास्येला त्याच जागी बांध बसतो आणि खांड पडते. एकदा खांड पडली की प्रत्येक भरतीला ती वाढते, कारण दिवसातून दोनदा पाणी आत येणार आणि दोनदा बाहेर जाणार. आत खारं पाणी शिरलं की त्या वर्षीचं भात गेलंच, पण मातीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जावे लागतात.

म्हणजे काय, तर बीळ आज बुजवलं तर दोन घमेली चिखल पुरतो. महिन्याने बुजवायचं तर चार माणसं लागतात. खांड पडल्यावर सगळं गाव लागतं. आणि हे काम ओहोटीतच करावं लागतं. हातात जेमतेम सहा तास, त्यातही शेवटी-शेवटी पाणी चढायला लागतं. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक सोपा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, त्या सुमाराला भरती पूर्ण. खाडीच्या आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही, तेव्हा मोठी दुरुस्ती काढायची. हा हिशेब ज्याला येत नाही त्याने कितीही माती टाकली तरी ती वाहून जाणार.

बांध कोणी राखायचा

आता मूळ प्रश्न. बाहेरकाठा एक, पण त्यामागे शेतं पन्नास जणांची. खांड एकाच्या शेतासमोर पडते, पाणी पन्नास जणांच्या शेतात शिरतं. दुरुस्ती कोणी करायची?

इंग्रजांच्या काळात १८८० च्या दशकात मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअर निघाली. ठाणे जिल्ह्याचं १८८२ मध्ये आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, त्याचं १८८३ मध्ये. कुलाब्याच्या नोंदींत खारजमिनीच्या दोन पद्धती दिल्या आहेत. पहिली शिलोत्री. इथे बाहेरचा बांध राखायची जबाबदारी एका वरिष्ठ धारकाची, शिलोत्रीदाराची. कुळं शेती करायची आणि बांधाच्या देखभालीसाठी बिघ्यामागे एक मण भात त्याला द्यायची, सरकारी सारा वेगळा. त्याला शिलोत्री मण म्हणत.

दुसरी पद्धत कुळारग. इथे वर कोणी नाही. शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन खार बांधली, आणि जमीन कशी वाटायची व बांधाची दुरुस्ती कोणी किती करायची हे आपसांत करार करून ठरवलं. हा शब्द आज विसरला गेला आहे, पण लक्षात ठेवण्यासारखा आहे. जमिनीची वाटणी आणि दुरुस्तीची जबाबदारी, दोन्ही एकाच करारात. माझी जमीन किती आणि माझी पाळी किती, हे एकमेकांपासून तोडता येत नाही.

पेण-अलिबागच्या बाजूला ह्या सामूहिक कामाला जोळ म्हणत. घरागणिक माणूस, ठरल्या दिवशी, ठरल्या ओहोटीला बांधावर. माणसांची रांग लागते, चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात, शेवटचा माणूस ते बांधावर थापतो. कोणी दमला तर मागचा पुढे येतो. काम करणाऱ्याला मजुरी नाही. त्याची मजुरी म्हणजे पुढच्या वर्षीचं भात.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण अशा पद्धतींबद्दल बोलायला लागलो की लगेच 'पूर्वी माणसं किती एकदिलाने राहायची' असा सूर लागतो. तो इतिहास नव्हे. माणसं पूर्वीही भांडायची, पाळी चुकवायची. जोळ टिकला तो माणसं चांगली होती म्हणून नव्हे. पाळी चुकवणाऱ्याचं शेतही त्याच बांधामागे होतं, आणि तो चुकला हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून टिकला.

पाळी आहे पण हक्क नाही. हक्क आहे पण पाळी नाही

ह्याची उलट बाजूही बघू. पाळी आणि हक्क वेगळे झाले की काय होतं ह्याची दोन उदाहरणं देतो. एक अलिबागचं, एक गोव्याचं.

अलिबाग तालुक्यात खारेपाटात चरी नावाचं गाव आहे. १९३३ साली नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप पुकारला. पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. हा संप खंड, वेठ आणि कुळाच्या हक्कांसाठी होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की खाऱ्या चिखलात राबायचं कुळाने आणि जमिनीवर नाव खोताचं. पाळी आहे, हक्क नाही. तेव्हा श्रमदान आणि वेठ ह्यांत फरक काय, असं कोणी विचारलं तर चिखल तोच असतो, घमेलं तेच असतं. फरक एवढाच, की राखलेल्या वस्तूत तुमचा वाटा आहे की नाही, आणि पाळी ठरवताना तुम्हाला विचारलं होतं की नाही.

आता गोवा. तिथे अशा जमिनींना खाजन म्हणतात आणि झडपेच्या दाराला मानस. गावकरी, म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदाद, ही संस्था जमिनीची मालक, आणि बांधाच्या देखभालीसाठी शेतकऱ्यांचे संघ असत, त्यांना बोव्स म्हणत. मानशीच्या दारापाशी ओहोटीच्या पाण्याबरोबर मासळी सापडते. ती पकडण्याचा हक्क लिलावात दिला जायचा आणि आलेला पैसा बांधासाठी वापरला जायचा. म्हणजे वस्तूनेच आपल्या देखभालीचा खर्च काढायचा. अतिशय हुशार व्यवस्था.

पण पुढे शेती परवडेनाशी झाली, मासळीचा भाव मात्र वाढत गेला. लिलाव घेणाऱ्याचं लक्ष मासळीवर. दार जास्त वेळ उघडं राहिलं तर खारं पाणी आत येतं, मासळी जास्त मिळते. भाताचं काय व्हायचं ते होवो, त्याचं शेत तिथे नाही. अनेक ठिकाणी अशा रीतीने खाजनं पाण्याखाली गेली. हक्क आहे, पाळी नाही. दार तेच, बांध तोच, फक्त करारातली गाठ सुटली.

होडीचा वाटा

शेतीतून आता पाण्यावर जाऊ. पलीकडच्या काठाला चेंदणी कोळीवाडा आहे. ठाणे शहर वाढण्याच्या कितीतरी आधीपासूनची ही वस्ती. कोळ्यांकडे सामायिक देखभालीची पद्धत वेगळ्या रूपात दिसते.

मासेमारीची मिळकत वाट्यांनी विभागली जाते. खलाशांचे वाटे असतात, हे आपल्याला कळतं. पण होडीचाही वाटा असतो आणि जाळ्याचाही वाटा असतो. होडी जेवत नाही, तिला संसार नाही, मग तिला वाटा कशाला? तर तिच्या डागडुजीला. मासळी चांगली मिळो की थोडी, होडीचा वाटा आधीच बाजूला निघतो. ज्या वर्षी दुरुस्ती लागेल त्या वर्षी वर्गणी मागत फिरायचं, असं नाही.

आणि काम कधी करायचं, हेही ठरलेलं. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढायच्या. मोठी होडी वर ओढणं हे एका घराचं काम नव्हे. खाली ओंडके टाकायचे, दोर लावायचे आणि सगळ्यांनी मिळून ओढायचं. आज माझी, उद्या तुझी. मग बूड खरवडायचं, फटींत कापूस ठासून भरायचा, राळ आणि तेल द्यायचं. सुताची जाळी होती तेव्हा ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून रंगवत, म्हणजे कुजत नसत. १९६० च्या दशकानंतर नायलॉन आलं आणि ते काम संपलं. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा तो होड्या तयार झाल्यावर. आपण त्या दिवशीची मिरवणूक बघतो, पण त्या सणाच्या मागे दोन महिन्यांची दुरुस्ती असते. सण म्हणजे एका अर्थी दुरुस्तीची शेवटची तारीख.

बांध सरकारचा झाला

स्वातंत्र्यानंतर काय झालं? १९४८ हे वर्ष ह्या विषयात महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी कूळकायदा आला आणि त्याच वर्षी मुंबई राज्याचा खारजमिनींचा कायदा आला. १९४९ मध्ये खोती रद्द करण्याचा कायदा झाला. कसणाऱ्याला जमीन मिळाली, ही न्यायाची गोष्ट झाली, त्याबद्दल दुमत असू नये. पण शिलोत्रीदार गेला तेव्हा त्याच्याबरोबर शिलोत्री मणही गेला, आणि बाहेरकाठा आता नक्की कोणाचा, हा प्रश्न उघडा पडला. त्यातून बोर्ड आलं, पुढे १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला, आणि बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली.

खात्याने बांध बांधलेच नाहीत असं मी म्हणणार नाही. दगडी पिचिंग केलं, सिमेंटच्या उघाड्या केल्या, जे गावाच्या ताकदीबाहेरचं होतं ते केलं. पण एक गोष्ट खात्याला करता येत नाही. खेकड्याच्या बिळाचं एस्टिमेट होत नाही. दोन घमेली चिखलासाठी प्रस्ताव जात नाही, टेंडर निघत नाही. एस्टिमेट होतं ते खांडीचं. म्हणजे व्यवस्थाच अशी, की नुकसान मोठं होईपर्यंत तिला ते दिसत नाही. आणि ज्या शेतकऱ्याला बीळ रोज दिसतं, तो म्हणतो, बांध सरकारचा आहे, येतील आणि बघतील. दोघांपैकी कोणीही वाईट नाही, पण बांध फुटतो. रायगडमध्ये आज अनेक खारी अशा आहेत की जिथे भात होतं तिथे कांदळवन उभं आहे.

कळव्यात आणखी एक गोष्ट झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, कळव्यात मुकुंद आली, सीमेन्स आली. पगार सुरू झाला, तोही पाळीनेच. पण ही पाळी भोंग्याची, ओहोटीची नव्हे. पहिल्या पाळीला गेलेला माणूस सकाळी दहाच्या ओहोटीला बांधावर कसा येणार? मग खारीवर भराव पडला, चाळी झाल्या, रस्ते झाले. ह्यात रडण्यासारखं काही नाही, पगाराने घरं चालली, मुलं शिकली. पण खाडीकडे रोज बघणारी माणसं कमी झाली, हे मात्र झालं.

शिडाच्या होड्या आणि क्लब

आता हा इतिहास आजच्या काळात आणू. जगात शिडाच्या होड्यांचे क्लब असतात. त्यांच्याकडे धक्का सामायिक, होड्या सामायिक, शिडं, दोर, लाइफ जॅकेट सगळं सामायिक. म्हणजे खारीसारखाच प्रश्न. तो दोन प्रकारे सोडवला गेला.

एक प्रकार आपल्या मुंबईत दिसतो. १८४६ साली इथे यॉट क्लब निघाला, पुढे त्याला 'रॉयल' हे बिरुद मिळालं. तो साहेबांचा क्लब. अशा क्लबांत सभासद होडी चालवायचा, आणि होडी धुणं, रंगवणं, वर ओढणं हे काम पगारी खलाशाचं. वर्गणी भरा, होडी तयार मिळेल. ही शिलोत्री पद्धतच झाली म्हणा ना, मण भात द्या आणि बांधाची चिंता दुसऱ्याने करावी.

दुसरा प्रकार फ्रान्समध्ये दिसतो. दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध भूमिगत काम केलेले फिलिप आणि एलेन विआने ह्या जोडप्याने १९४७ साली ब्रिटनी किनाऱ्यापलीकडच्या ग्लेनां नावाच्या छोट्या बेटांवर तरुणांसाठी एक केंद्र सुरू केलं. पैसा नाही, युद्धाने देश मोडलेला. तिथे आलेल्यानेच स्वयंपाक करायचा, त्यानेच होडी दुरुस्त करायची, आणि जो शिकला त्याने पुढच्याला शिकवायचं. त्यातून युरोपातली एक फार मोठी नौकानयनाची शाळा उभी राहिली आणि आजही ती मुख्यतः स्वयंसेवक प्रशिक्षकांवर चालते. त्यांना कुळारग हा शब्द माहीत असण्याचं कारण नाही. पण पद्धत तीच, वापरायचा हक्क आणि राखायची पाळी एकाच करारात.

स्वयंसेवकांनी देखभाल केली की पैसे वाचतात, हे खरं, पण तो छोटा फायदा. ज्याने स्वतः दोर बदलला आहे त्याला दोर कुठे झिजतो ते कळतं, हा मोठा फायदा. तो पुढच्या वेळी होडीत बसताना आपोआप तिथे बघतो. धक्क्यावरची फळी हलते आहे, कडीचा बोल्ट गंजला आहे, लाइफ जॅकेटचा पट्टा उसवला आहे, ही सगळी खेकड्याची बिळं आहेत. ती वार्षिक तपासणीत सापडतीलही, पण अपघात त्याच्या आधी होऊ शकतो. देखभाल म्हणजे निम्मं काम हाताचं आणि निम्मं नजरेचं. हाताचं काम कंत्राटाने देता येतं. नजर मात्र रोज तिथे जाणाऱ्याचीच असावी लागते.

आता आपल्या खाडीचं काय

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग, म्हणजे उल्हास नदी आणि वसई खाडी, त्रेपन्नाव्या क्रमांकावर आहे. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली अशा ठिकाणी जेट्टींच्या योजना आहेत. खाडीकिनारे सुशोभित होत आहेत. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. म्हणजे शंभर-दीडशे वर्षं पाठ फिरवलेलं शहर पुन्हा खाडीकडे तोंड करून उभं राहतं आहे. चांगली गोष्ट आहे. उद्या इथे कोणी शिडाच्या होड्यांचा क्लबही काढेल.

पण जेट्टी बांधली जाते तेव्हा तिचा खर्च जाहीर होतो. पाच वर्षांनी तिच्यासमोर गाळ साचेल तेव्हा काय, हे क्वचित जाहीर होतं. आणि गाळ साचणारच, खाडीचा तो धर्म आहे. म्हणून जिथे सामायिक धक्का असेल तिथे तीन गोष्टी पहिल्या दिवशी लिहून ठेवाव्यात असं हा इतिहास सांगतो. एक, वापरणाऱ्या प्रत्येकाची पाळी, आणि ती पंचांगाच्या ओहोटीप्रमाणे लावलेली. दोन, होडीचा वाटा, म्हणजे प्रत्येक मिळकतीतून दुरुस्तीसाठी आधीच बाजूला काढलेली रक्कम. तीन, पाळी ठरवताना सगळ्यांना विचारलेलं असावं, नाहीतर ती वेठ होते.

आणि एक मर्यादाही सांगतो. आज खाडीकाठी कोणीही उठून भराव टाकू शकत नाही, कांदळवन तोडू शकत नाही. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या संरक्षणाचा आदेश दिला, तो योग्यच आहे. त्यामुळे श्रमदान म्हणजे वाटेल तिथे कुदळ मारणं नव्हे. कोणतं काम आपलं, कोणतं परवानगीचं आणि कोणतं पालिकेचं, ही यादीही त्याच वहीत हवी.

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आम्ही मालमत्ता कर भरतो. मग जेट्टीची किंवा उद्यानाची देखभाल आम्ही का करायची? हे पालिकेची जबाबदारी टाळणं नाही का?

उत्तर : रास्त प्रश्न आहे. खांडीची जबाबदारी पालिकेची आहे आणि ती मागून घेतलीच पाहिजे. श्रमदानाच्या नावाखाली ती सोडून देऊ नका. मी बोलतो आहे ते बिळाबद्दल. बीळ पालिकेला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. ते दिसल्यावर बुजवायचं किंवा निदान त्याच दिवशी लेखी कळवायचं, एवढीच पाळी आहे. उलट ज्यांनी अशी वही ठेवली आहे त्यांचीच तक्रार खात्यात वजनदार ठरते. तारखा असतात ना.

प्रश्न : सर, कोळीवाड्यात आणि गावठाणात ही माणसं अजून आहेत. क्लब आले तर ह्यांना कोण विचारणार?

उत्तर : तुम्ही विषयाच्या मुळावर बोट ठेवलंत. भांग कधी, उधाण कधी, गाळ कुठून येतो, होडी कुठे लावली तर टिकते, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. क्लबने त्यांना पगारी खलाशी म्हणून ठेवलं तर ती जुनी शिलोत्रीच. करारात वाटेकरी म्हणून घेतलं तर कुळारग. कोणती निवडायची हे पहिल्या बैठकीतच ठरतं, कारण वही त्याच दिवशी उघडली जाते आणि नावं त्याच दिवशी लिहिली जातात.